गळतीचे चार इंजिनियर

नकाशेकाका निळ्या उशीच्या खुर्चीवर बसले, आवाज बारीक केला आणि म्हणाले, "जिना!"

लगेच उठून, टेबलाला वळसा घालून ते समोरच्या खुर्चीवर गेले. घसा खाकरून जाड आवाजात त्यांनी विचारलं, "जिन्याखाली फुटलीय होय? मग खोदू का?"

पुन्हा वळसा, पुन्हा निळी उशी. एक शब्द बोलून झाला होता, म्हणून नुसतीच होकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात लाल उशीवाल्यांची पाळी आली, म्हणून काका तिसऱ्या खुर्चीवर गेले, "अरे, त्यांच्या आधी आपण पोचायला हवं!" असं स्वतःलाच दटावलं आणि ते ऐकून घ्यायला चौथ्या खुर्चीवर जाऊन बसले. संध्याकाळभर हेच चाललं होतं. गुडघे कुरकुरत होते, पण डाव रंगात आला होता.

काकांची उभी हयात पाणीपुरवठा खात्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये, जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढण्यात गेली होती. इमारतीत त्यांना नकाशेकाका हे नाव पडलं ते त्यामुळेच. लग्न राहून गेलं होतं. का राहिलं, हे विचारणारी माणसंही एकेक करून निघून गेली. दादा-वहिनींच्या संसारात ते कायमचे तिसरे. रोज संध्याकाळी दादांचे एक मित्र यायचे आणि चौघांचा पत्त्यांचा डाव बसायचा, काका आणि वहिनी एका बाजूला, दादा आणि मित्र दुसऱ्या. मग काका निवृत्त झाले, दादांचे मित्र गेले आणि दादा-वहिनी मुलाकडे राहायला गेले. चार खुर्च्या तेवढ्या मागे राहिल्या, कारण मुलाकडे सोफ्यासकट सगळं होतं.

दोन हातांनी चौघांचे पत्ते किती दिवस खेळणार? म्हणून काकांनी स्वतःचाच खेळ काढायला घेतला. नाव ठेवलं 'गळती'. पुठ्ठ्याचा मोठा पट, त्यावर इमारतीच्या आवाराचाच नकाशा: गेट, टाकी, जिना, सायकलींची जागा. दोन संघ, प्रत्येकात दोघं. एक इंजिनियर, एक फिटर. जमिनीखाली नळ कुठे फुटलाय ते फक्त इंजिनियरला दिसतं, कारण त्याच्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा. फिटरने नळाचे तुकडे जोडत टाकीचं पाणी आपल्या घरापर्यंत न्यायचं. आणि मुख्य नियम असा की इंजिनियरने पाळीला एकच शब्द बोलायचा. बाकीचं भिडूनं समजून घ्यायचं.

खेळ सगळा जमला होता, फक्त एक खोट निघत नव्हती. प्रत्येक डाव बरोबरीत सुटायचा. काका दादांचा आवाज काढून इंजिनियर होवोत की वहिनींचा, भिडूला क्षणात कळायचं. काका कपाळाला हात लावून बसायचे. इतकं कसं कळतं या लोकांना?

त्यांच्या खालच्या घरात शिवणवाल्या ताई राहत. त्यांच्या छतावर गेल्या महिन्यापासून ओलीचा एक डाग पसरत होता. तो कोणामुळे पडला, यावर इमारतीत दोन तट होते आणि दोन्ही तटांचं ताईंशी वाकडं होतं. शिवणाचं मशीन थांबलं की ताई डागाकडे बघायच्या आणि बघता बघता कान वर लावायच्या. त्या संध्याकाळी त्यांनी कान लावला आणि त्यांना चार माणसं बोलताना ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सेक्रेटरी दारात हजर झाले. ते बँकेत होते आणि साधं 'नमस्कार'सुद्धा नोटीस वाचल्यासारखं म्हणायचे.

"काका, तुमच्याकडे सध्या कोण आलेलं आहे?"

"माझ्याकडे? कोणी नाही."

"कोणी नाही कसं? ताईंनी चार आवाज ऐकलेत. एक खर्जातला, एक नाकातला, एक तुमचा आणि एक..." सेक्रेटरींनी जिन्यात कोणी नाही हे पाहून घेतलं, "...बाईंचा."

घरात बाई आहे म्हणावं, तर दाखवायची कुठून? चारही आवाज आपलेच होते म्हणावं, तर संध्याकाळपर्यंत सगळी इमारत आपल्याशी हळू आवाजात बोलायला लागेल. काकांना दोन्ही नको होतं. म्हणून तिसरंच काहीतरी तोंडातून निसटलं.

"ते... आमच्या खात्यातले होते. इंजिनियर."

"अस्सं!" सेक्रेटरींचा चेहरा उजळला. "म्हणजे ताई म्हणाल्या ते बरोबर. जिन्याखाली मेन लाइन फुटलीय, तिथूनच ओल भिंतीतून वर चढतेय!"

"छे छे, असं कोण म्हणालं?"

"तुमच्याच मॅडम म्हणाल्या. 'जिना!' एकच शब्द. पण काय ठाम बोलणं हो! ताई सांगताना अंगावर काटा आला माझ्या."

"त्या कमीच बोलतात," काका क्षीण आवाजात म्हणाले.

"मोठी माणसं कमीच बोलतात. उद्या रविवार आहे, सगळे घरी आहेत. चौघांनाही बोलावून घ्या. एकदा सगळ्यांसमोर सांगू देत म्हणजे ताईंच्या डागाचा निकाल लागेल."

"अहो, पण ते नक्की नाही काही. घाईनं खोदूबिदू नका."

"सरकारी खात्यातला माणूस 'घाई नको' म्हणतो तेव्हा प्रकरण गंभीर असतं," असं म्हणून सेक्रेटरी गेलेसुद्धा.

काकांनी दार लावलं आणि ते फोन घेऊन बसले. चार इंजिनियर नाही, निदान एक तरी मिळायला हवा होता. आधी त्यांनी जुन्या साहेबांना लावला. फोन सुनेनं घेतला. "बाबा आहेत हो, पण हल्ली कोणाला ओळखत नाहीत. तुमचं नाव सांगू का?" काका म्हणाले, "नको, झोपू दे त्यांना." साहेब झोपलेत असं कोणी म्हटलंही नव्हतं.

मग शेजारच्या टेबलावरच्या जुन्या सहकाऱ्याला लावला.

"इंजिनियर म्हणून यायचं? अरे, मी हिशेबाच्या खात्यात होतो."

"तू आपल्याच सेक्शनला होतास ना? माझ्या शेजारी?"

"माझ्या खोलीचं छत गळत होतं म्हणून बसायचो तिकडे. पाणीपुरवठ्याचं ऑफिस ना ते!" तो खूप हसला. मग एकदम म्हणाला, "बरं वाटलं रे फोन केलास. पण येणं नाही जमणार, पायाचं ऑपरेशन झालंय."

कधी झालं, हे विचारायच्या आत त्याला कोणीतरी हाक मारली.

तिसरा नंबर भलत्याच माणसाकडे गेला होता. तो माणूस मात्र भला निघाला. नंबर चुकलाय म्हटल्यावर त्याने कोणाला शोधताय, काय काम होतं, हे सगळं आस्थेनं विचारलं. आपल्याकडेही छत गळतं, असं सांगितलं. सिमेंटमध्ये काय मिसळावं याचा सल्लाही दिला. फोन ठेवल्यावर काकांच्या लक्षात आलं, की या आठवड्यात आपण इतकं कोणाशीच बोललो नव्हतो.

शेवटी त्यांनी वहिनींना लावला.

"जेवलात का भावजी?"

"जेवलो. वहिनी, एक विचारायचं होतं. पत्ते खेळताना तुम्हाला माझ्या हातात काय आहे ते कसं कळायचं हो?"

"कळायचं कुठलं? तुम्ही पान टाकायच्या आधी टेबलावर बोट वाजवायचात. एकदा वाजवलं की हुकूम, दोनदा की काही नाही. तुमच्या दादांना आजपर्यंत पत्ता लागला नाही."

"मी बोट वाजवायचो?"

"अगोबाई, तुम्हाला माहीतच नाही?" वहिनी हसायला लागल्या. मागून नातवाचं रडणं आलं आणि बोलणं तिथेच राहिलं.

काका बराच वेळ स्वतःच्या बोटाकडे बघत बसले. उद्या सकाळी सेक्रेटरींना गाठायचं आणि खरं काय ते सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं.

पण सकाळी त्यांना जाग आली ती घणाच्या आवाजानं. सेक्रेटरींनी इंजिनियरांची वाट पाहिली नव्हती. जागा कळलीच आहे, तर साहेब लोक येईपर्यंत खोदून ठेवावं म्हणजे त्यांचा वेळ वाचेल, अशा विचारानं त्यांनी प्लंबरला बोलावलं होतं. काका चप्पल शोधून पायात घालेपर्यंत घणाचा आवाज बंद झाला आणि वेगळाच आवाज सुरू झाला. त्या आवाजाचे नकाशे काकांनी आयुष्यभर काढले होते. मोठा नळ फुटला होता.

म्हणजे काल धडधाकट असलेला नळ आज फुटला होता. जिन्याखालून कारंजं उडालं, सायकली न्हाऊन निघाल्या, आणि प्लंबरने मेन कॉक बंद केल्याबरोबर सगळ्या इमारतीचे नळ एकाच वेळी खोकून गप्प झाले. कोणाची भांडी साबणात, कोणाचे कपडे बादलीत. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर डोक्याला शाम्पू लावून उभे होते, ते टॉवेल गुंडाळून तसेच खाली धावले.

थोड्याच वेळात काकांच्या दारात चौघे उभे राहिले. पुढे सेक्रेटरी, त्यांच्या मागे गळ्यात मोजायची टेप असलेल्या ताई, टॉवेलवाले डॉक्टर आणि नखशिखान्त भिजलेला प्लंबर.

"कुठायत तुमचे इंजिनियर?" सेक्रेटरी कडाडले. "आतून गंज नाही, भेग नाही, नवाकोरा नळ होता! कोणी सांगितलं तिथे खोदायला?"

काका बाजूला झाले आणि त्यांनी टेबलाकडे हात केला. पट मांडलेलाच होता. दोन लाल उशा, दोन निळ्या.

"हे इंजिनियर," ते म्हणाले. "म्हणजे... मीच. हा खेळ आहे. मी बनवलाय. चौघांचा आहे आणि मी एकटा आहे, म्हणून सगळ्या खुर्च्यांवर आळीपाळीनं बसत होतो."

"आणि मॅडम?" सेक्रेटरींना अजून आशा होती.

काकांनी मान खाली घातली आणि बारीक आवाजात म्हणाले, "जिना!"

डॉक्टरांच्या कानावरून शाम्पूचा एक ओघळ हळूहळू खाली आला. ताईंनी गळ्यातली टेप काढली, हाताला गुंडाळली, पुन्हा सोडली.

"म्हणजे रोज संध्याकाळी तुम्ही एकटेच बोलत असता?" त्यांनी विचारलं. "मला वाटायचं, काकांकडे किती जाग असते. मी एकदा आमच्या बहिणीलासुद्धा म्हटलं, की वरच्या काकांचं बरं आहे, रोज माणसं येतात."

काकांना त्यापेक्षा सेक्रेटरींचं ओरडणं बरं वाटलं असतं.

शेवटी प्लंबर बोलला. "साहेब, मी सांधा भरलाय. पण तो सुकेपर्यंत पाणी सोडता येत नाही. दुपार होईल. मी इथेच थांबतो, घरी जाऊन परत यायचं म्हणजे नसती धावपळ." आणि त्याने एक खुर्ची ओढून घेतली.

"मलाही घरी जाऊन काय करायचंय?" डोक्याला हात लावत डॉक्टर दुसरीवर बसले.

सेक्रेटरी मात्र हिशोबाला पक्के. "खेळ आहे म्हणता ना? मग खेळूनच बघू. खोटं निघालं तर मीटिंगमध्ये विषय घेणार."

असे चौघे बसले. निळ्यात डॉक्टर इंजिनियर, सेक्रेटरी फिटर. लालमध्ये ताई इंजिनियर, प्लंबर फिटर. काकांनी नियम समजावले. आपला खेळ पहिल्यांदाच दुसरी माणसं खेळणार, म्हणून सांगताना त्यांचा आवाज ठिकाणावर राहिना. बारीक, जाड, नाकातला, सगळेच आवाज त्यात मिसळले.

डॉक्टरांनी आडोशामागचा नकाशा नीट पाहिला. सेक्रेटरींनी टाकीची झडप उघडायला हवी होती. डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "उघडा!"

सेक्रेटरींनी आ वासला.

"अहो, तोंड नाही!"

"सवय हो," सेक्रेटरी ओशाळले. "गेला महिनाभर तुमच्याकडेच दाढ दाखवतोय."

"डॉक्टर, एकाहून जास्त शब्द बोललात, तुमची पाळी गेली!" ताई टाळी वाजवून म्हणाल्या. मग त्यांनी प्लंबरकडे बघून भुवया उडवल्या. "तिरपा!"

"तिरपा नळ नसतोच, ताई."

"कापड तिरपं कापलं की नीट बसतं. नळ का नाही?"

"नळ कापडाचा नसतो म्हणून."

प्लंबरने सरळ तुकडा ठेवला आणि लाल संघाचं पाणी गेटमधून रस्त्यावर गेलं. पुढच्या पाळीला सेक्रेटरींचं पाणी सायकलींवर पडलं. तिसऱ्या पाळीला ताईंनी "उसवा!" म्हणून हुकूम सोडला आणि प्लंबर डोकं खाजवत बसला. काकांना राहवेना.

"तसं नाही, त्यांना म्हणायचंय की मागचा तुकडा काढून..."

"काका, मध्ये बोलू नका!" चौघेही एका सुरात ओरडले. सकाळपासून त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

काका खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. चहा टाकावा तर नळाला पाणी नव्हतं. बसावं तर खुर्ची नव्हती. मागे टेबलावर नुसता धुमाकूळ चालला होता. कोणाला कोणाचं काही म्हणजे काही कळत नव्हतं. डॉक्टर एक सांगत, सेक्रेटरी भलतंच करत, आणि ते चुकल्यावर दोघंही असे काही भांडत, की जणू घर वाहून चाललंय. आपले डाव नेहमी बरोबरीत का सुटायचे, ते काकांना तिथे उभ्या उभ्या उमगलं. चारही खुर्च्यांवर एकच डोकं. कळायचं राहणार काय? आणि न कळण्याची ही गंमत त्यांच्या वाट्याला आलीच नव्हती.

इतक्यात खालून कोणीतरी ताईंना हाक मारली. ब्लाउज न्यायला गिऱ्हाईक आलं होतं.

"डाव मोडायचा नाही हं!" ताई उठल्या. "माझ्याकडेच चला सगळे. कापायचं टेबल मोठं आहे."

आजारी माणसाला न्यावं तसा चौघांनी चार कोपरे धरून पट उचलला आणि तुकडे न हलवता ते एकेक पायरी खाली गेले. जाता जाता सेक्रेटरी म्हणाले, "काका, वस्तू परत मिळेल, काळजी नको." त्यांनी दार ओढून घेतलं.

घर एकदम मोठं झालं. काकांनी खुर्च्या सरळ केल्या. एका खुर्चीवर डॉक्टरांच्या टॉवेलचं पाणी होतं, ते पुसलं. मग सवयीनं निळ्या उशीवर बसले, थोड्या वेळानं उठून समोर जाऊन बसले. बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी टेबलावर एकदा बोट वाजवून पाहिलं. आवाज तसा बऱ्यापैकी मोठा येत होता. दादांना कसा ऐकू आला नाही कोण जाणे.

दुपार कलली. सांधा सुकला म्हणून प्लंबर कॉक सोडायला गेला, तो तिथून पलीकडच्या इमारतीवाल्यांनी त्याला धरून नेलं. आणि मग जिन्यातून सेक्रेटरींचा आवाज घुमला.

"काका! एक माणूस कमी पडतोय! या खाली! कोणीही चालेल!"

काका ताडकन उठले आणि मग मुद्दाम थांबले. हाक ऐकताच धावत गेलो असं दिसायला नको. त्यांनी शर्ट बदलला, केस विंचरले, आरशात पाहिलं आणि सावकाश, पण दोन-दोन पायऱ्या गाळत, खाली उतरले.

ताईंच्या कापायच्या टेबलावर चिंध्या बाजूला सारून पट मांडलेला होता. वर छतावर तो डाग आपल्या जागी पसरलेला होता. काका ताईंचे भिडू झाले. या वेळी काका इंजिनियर, ताई फिटर. काकांच्या मनात आलं, आपलाच खेळ, आपलाच नकाशा. जरा सांभाळून खेळावं, नाहीतर या बिचाऱ्यांना हरल्याचं वाईट वाटेल.

डाव चांगला चालला होता. लालचं पाणी अगदी घराच्या तोंडाशी येऊन ठेपलं. ताईंच्या हातात नेमका हवा तो तुकडा होता. तेवढा पटावर टाकला की झालं. काकांनी आनंदानं हुकूम दिला, "टाका!"

ताईंनी क्षणभर विचार केला, चेहरा खुलला, आणि त्यांनी तो तुकडा लाल आणि निळ्या नळांच्या मधोमध बसवून दोन्ही नळ एकमेकांना झकास जोडून टाकले. लाल संघाचं सगळं पाणी धो धो करत सेक्रेटरींच्या घरात गेलं.

"हे काय केलंत?" काका किंचाळले.

"तुम्हीच म्हणालात ना, टाका? घातला टाका. पक्का घातलाय, उसवायचा नाही."

"जिंकलो!" सेक्रेटरींनी टेबलावर मूठ आपटली. डॉक्टरांनी एका हातानं कमरेचा टॉवेल धरून दुसरा हात हवेत फिरवला. त्यांचे केस वाळून शेंडीसारखे उभे राहिले होते. तेवढ्यात मोरीतला नळ गुरगुरला, खोकला आणि बादलीत पाण्याची धार पडू लागली. डॉक्टरांनी तिकडे एकदा पाहिलं.

"अजून एक डाव होऊ दे," ते म्हणाले. "नंतर नाहतो."

काका पटाकडे बघत होते. या खेळात आजवर ते एकदाही हरले नव्हते. त्यांना हसू येत होतं की रडू, ते त्यांचं त्यांनाच नीट सांगता आलं नसतं. हरलेल्यानं तुकडे गोळा करायचे असा नियम चौघांनी मधल्या वेळात परस्पर करून टाकला होता, म्हणून ते मुकाट्यानं तुकडे गोळा करू लागले.

ताईंना त्यांचा पडलेला चेहरा पाहून कसंतरी झालं. त्यांनी तुकड्यांचा डबा पुढे सरकवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "एवढं मनाला लावून घेऊ नका, काका. तुम्ही नवीन आहात. उद्या जरा लवकर या, मी शिकवते तुम्हाला."